सूज उतरली, गुडघ्याचे काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. आमच्या सक्करदऱ्यात एका मोकळ्या जागेवर संध्याकाळी मुलांची कबड्डी चालते. मैदान कसले, घरांच्या मधोमध उरलेला तुकडाच तो. पण चुन्याच्या रेषा आखल्या की त्याचे मैदान होते. तेथे खेळणारा नववीतला एक मुलगा एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला. डावा पाय जरा जपून टाकत होता.

"सर, गुडघा मुरगळला होता. पंधरा दिवस झाले. सूज उतरली आता. शनिवारी म्याच आहे. खेळू का जी?"

मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, डॉक्टर नव्हे. तरी हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला, याचे कारण आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. १९९८ साली, एकोणिसाव्या वर्षी, एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात चढाई करून परत फिरताना माझा घोटा पकडला गेला. पाऊल जमिनीला खिळले, धड मात्र मध्यरेषेकडे वळत राहिले. गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला. तो मला ऐकू आला आणि पकड करणाऱ्यालाही. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थाने तेल लावून तो "बसवून" दिला. तीन आठवड्यांनी सूज गेली आणि मी पुन्हा मैदानात उतरलो. त्यानंतर दोन वर्षे खेळलो. अधूनमधून गुडघा दगा देई, पण तिकडे कोण लक्ष देतो? आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. वर्गात खडू खाली पडला तर तो उचलायला मला टेबलाचा आधार घ्यावा लागतो.

मी त्या मुलाला तीन प्रश्न विचारले. दुखापत झाली तेव्हा आवाज आला होता का? सूज किती वेळात आली? आणि त्यानंतर कधी गुडघा निसटल्यासारखा वाटला का? आवाज आला होता. सूज खेळ संपण्यापूर्वीच आली होती. आणि जिना उतरताना दोनदा गुडघा "सटकला" होता. ही तीन उत्तरे ऐकल्यावर त्याला खेळू देणे मला शक्य नव्हते. का, ते सांगायचे तर गुडघ्याची रचना आधी पाहावी लागेल.

पाटावरच्या दोन वाट्या

शाळेत आपण शिकतो की गुडघा हा बिजागरीचा सांधा आहे. ते अर्धेच खरे. दाराच्या बिजागरीत एक पक्की सळई असते आणि दार तिच्याभोवतीच फिरते. गुडघ्यात अशी सळई नाही. मांडीच्या हाडाची खालची दोन टोके गोलसर आहेत आणि ज्या नडगीच्या हाडावर ती टेकतात त्याचा माथा जवळजवळ सपाट आहे. पाटावर दोन वाट्या ठेवाव्यात आणि वर माणसाचे वजन द्यावे, तसा हा प्रकार. वाट्या घरंगळतील, घसरतील आणि जरा फिरतीलही. गुडघा वाकताना मांडीचे हाड या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या प्रमाणात करते.

मग ते पाटावरून खाली का पडत नाही? कारण चार दोऱ्यांनी ते बांधलेले आहे. या दोऱ्या म्हणजे अस्थिबंध. हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट धाग्यांच्या या पट्ट्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात. दोन अस्थिबंध गुडघ्याच्या दोन बाजूंना आहेत. उरलेले दोन सांध्याच्या ऐन मध्यभागी, फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांना आपण फुलीबंध म्हणू. यांपैकी पुढचा फुलीबंध नडगीच्या माथ्यावरून निघून वर आणि मागे जातो व मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. क्रिकेटच्या बातम्यांत ए.सी.एल. ही तीन अक्षरे तुम्ही वाचली असतील. ती याचीच. नडगी पुढे सरकू न देणे आणि तिला आतल्या बाजूस फार वळू न देणे, ही याची दोन कामे.

या दोरीची मापे पाहण्यासारखी आहेत. लांबी तीन-सव्वातीन सेंटिमीटर, रुंदी सुमारे एक सेंटिमीटर. म्हणजे करंगळीच्या पेराएवढी वस्तू. १९९१ मध्ये अमेरिकेत साव्हिओ वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांतील गुडघे यंत्रात ओढून ही दोरी किती ताण सोसते ते मोजले. तरुण गुडघ्यांत ती सरासरी २१६० न्यूटन बलाला तुटली. म्हणजे सुमारे २२० किलोग्रॅम वजन टांगता येईल इतकी ती मजबूत. साठीच्या पुढच्या गुडघ्यांत हाच आकडा ६५८ न्यूटनवर आला होता.

येथे एक आडवळण घेतो, कारण ते पदार्थविज्ञानाकडे जाते. चुंबकीय फ्लक्सचे एकक वेबर हे तुम्ही पुढे शिकाल. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो विल्हेल्म वेबर, आणि त्याचा शरीररचनाशास्त्रज्ञ भाऊ एडुआर्ड, या दोघांनी मिळून १८३६ मध्ये मानवी चालण्याच्या यंत्रशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. फुलीबंध कापला तर नडगी पुढे-मागे कशी सरकू लागते हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. गुडघा हा पदार्थविज्ञानाचा विषय आहे हे त्या दोघांनी तेव्हाच ओळखले होते. आमच्या प्राध्यापक मंडळींना ते अजून फारसे पटलेले दिसत नाही. तरफेचे उदाहरण म्हटले की आम्ही अजूनही अडकित्ताच काढतो.

चाळीस सहस्रांश सेकंद

आता शंका अशी की, दोरी २२० किलो पेलते आणि खेळाडू पन्नास किलोचा आहे, तर ती तुटतेच कशी? उत्तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. समजा, पन्नास किलो वस्तुमानाचा मुलगा सेकंदाला पाच मीटर वेगाने धावत आहे आणि एक पाय रोवून एक दशांश सेकंदात थांबतो. संवेगातील बदल २५०, त्याला ०.१ ने भागा. बल आले २५०० न्यूटन. हे सगळे बल फुलीबंधावर येत नाही हे खरे. स्नायू, हाडे, बाजूचे बंध आपापला वाटा उचलतात. परंतु गुडघा जवळजवळ सरळ असताना, तो आत झुकला आणि वर पीळ पडला, की ही वाटणी बिघडते आणि मधल्या दोरीच्या वाट्याला नको तेवढे येते.

स्नायू मदतीला का धावत नाहीत? येथे वेळेचा हिशेब आहे. खेळताना झालेल्या दुखापतींच्या चित्रफिती एकेक चौकट तपासून संशोधकांनी दाखवले आहे की, पाऊल जमिनीला लागल्यानंतर सुमारे ४० मिलिसेकंदांतच, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, फुलीबंध तुटतो. स्नायूला संदेश पोहोचून त्यात पुरेसे बल निर्माण होईपर्यंत एक दशांश सेकंद सहज निघून जातो. म्हणजे आवाज येतो तेव्हा मांडीच्या स्नायूंना काय घडले त्याची वार्ता नुकतीच मिळत असते. पाऊल टेकण्यापूर्वीच जर ते ताठ झालेले असतील तरच त्यांचा उपयोग. उडी मारून गुडघे वाकवून उतरणे, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणे, असे सराव खेळाआधी करून घेतात ते याचसाठी. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आढळते. तेव्हा मुलींच्या संघांना तर हा सराव आवर्जून हवा.

कबड्डीत दुखापतीचा हा सारा सरंजाम आयता जुळून येतो. आमच्या विदर्भाला या खेळाचा अभिमान आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. तेव्हा तो मातीत, अनवाणी खेळला जाई. मातीत पाऊल थोडे घसरते आणि पिळातील काही ऊर्जा त्या घसरण्यात खर्च होते. गादीवर बूट घालून खेळताना पाऊल पकड घेते. पकड चांगली म्हणून चढाई चपळ होते, आणि त्याच पकडीमुळे पीळ पावलातून न सुटता वर गुडघ्याकडे जातो. घर्षण हे मित्र की शत्रू, असा निबंध शाळेत असतो. त्यात हे उदाहरण घालायला हरकत नाही.

जखम भरते, ही मात्र बहुधा नाही

बोट कापले तर भरते. हाड मोडले तर सांधते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला तरी तो पुष्कळदा आपोआप जुळतो. मधला फुलीबंध मात्र तुटला की बहुधा तुटलेलाच राहतो. तो सांध्यातील द्रवात बुडालेला असतो. तुटलेल्या दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि नव्या धाग्यांना पूल बांधायला आधार मिळत नाही. काही गुडघ्यांत तो पुन्हा जुळलेला दिसला आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

पहिल्या तासा-दोन तासांत येणारी सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात साठलेले रक्त. शरीर ते शोषून घेते. दोन-तीन आठवड्यांत गुडघा आकाराने पूर्ववत दिसतो, दुखणेही ओसरते. येथेच सगळे फसतात, मीही फसलो. दुखणे गेले, पण दोरी गेलेलीच आहे.

हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे, मात्र ती जाणत्या हातांनीच करायची. डॉक्टर गुडघा थोडा वाकवून मांडी एका हाताने धरतात व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. दोरी शाबूत असेल तर एका ठिकाणी झटक्यात अटकाव जाणवतो. तुटलेली असेल तर नडगी टेबलाच्या खणासारखी पुढे येते, चांगल्या पायापेक्षा तीन-चार मिलिमीटर किंवा अधिक. क्ष-किरणांच्या चित्रात अस्थिबंध दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" हा दिलासा हाडापुरताच समजावा. एम.आर.आय. चित्रणात तो दिसतो.

तीन-चार मिलिमीटर! एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते आज नव्हे, वीस वर्षांनी. त्याचा हिशेब आता मांडू.

एक कोटी ब्याऐंशी लाख पावले

खुर्चीवरून अर्धवट उठलेल्या स्थितीत थांबा. मांडीच्या स्नायूंना काय पडते ते लगेच कळेल. आता तरफेचा नियम लावा. गुडघा हा टेकू. पन्नास किलोच्या शरीराचा निम्मा भार, म्हणजे पंचवीस किलो, एका पायाला. तो भार गुडघ्याच्या मागे साधारण वीस सेंटिमीटरवर पडतो. त्याला तोलणारा स्नायू वाटीवरून नडगीला ओढतो, त्याचे टेकूपासूनचे अंतर जेमतेम चार सेंटिमीटर. २५ गुणिले २०, भागिले ४. उत्तर १२५ किलो. दार बिजागरीजवळ ढकलून उघडायला किती जोर लागतो ते आठवा. गुडघ्याचा स्नायू जन्मभर दार तसेच ढकलत असतो. त्यामुळे सांध्यावरचा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो.

ही नुसती आकडेमोड नाही. बर्लिनमध्ये काही रुग्णांना बसविलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच बल मोजणारी साधने ठेवली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट बल येते आणि जिना उतरताना सुमारे ३.५ पट. पन्नास किलोच्या मुलासाठी हे झाले १३० आणि १७५ किलो. दिवसाला पाच हजार पावले धरली तर एका गुडघ्याच्या वाट्याला अडीच हजार. वर्षाला नऊ लाख बारा हजार. वीस वर्षांत एक कोटी ब्याऐंशी लाख वेळा हा १३० किलोचा दट्ट्या पडणार.

तो झेलतो कोण? हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, मोत्यासारखा चकचकीत थर असतो. तुमच्या पाठ्यपुस्तकात त्याला कास्थी म्हणतात, आम्ही कूर्चा शिकलो. बर्फावर बर्फ घासला तर जेवढे घर्षण होईल त्याहूनही कमी घर्षण कूर्चेवर कूर्चा सरकताना होते. त्यात भर म्हणून दोन्ही हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या आहेत. गोल हाड सपाट हाडावर टेकले तर फार लहान जागेवर टेकेल. या चकत्या कडेने पाचर बसवल्यासारख्या बसून टेकण्याची जागा वाढवतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ वाढले, दाब उतरला.

एके काळी या चकत्या निरुपयोगी अवशेष समजून फाटल्या की सरसकट काढून टाकत. १९४८ मध्ये टी. जे. फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने अशा गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत हाडांचे बदललेले आकार दाखवले, तेव्हा शंका उत्पन्न झाली. आज आपल्याला माहीत आहे की पूर्ण चकती काढली तर टेकण्याची जागा निम्म्याच्याही खाली येऊ शकते. भागाकार तुम्हीच करा.

आता तुटलेल्या दोरीकडे या. कूर्चा सगळीकडे सारखी नसते. लहानपणापासून जेथे पाऊलागणिक भार पडला तेथे ती जाड व घट्ट झालेली असते. जेथे पडला नाही तेथे पातळ राहिलेली असते. फुलीबंध गेला की नडगी किंचित पुढे आणि किंचित वळलेली राहते. मग रोजचा १३० किलोचा दट्ट्या नेहमीच्या जागी न पडता शेजारी पडू लागतो, त्या पातळ जागेवर. स्कूटरचे चाक थोडे तिरके बसले तर काय होते? स्कूटर पळते, आपल्याला काही कळतही नाही. पण वर्षभराने टायर एकाच बाजूने गुळगुळीत झालेले दिसते. शिवाय गुडघा मधूनमधून सटकतो, त्या प्रत्येक वेळी चंद्रकोरी चकती दोन हाडांत चिरडण्याचा धोका. दुखापतीच्या दिवशी सांध्यात जो दाह सुरू होतो, त्यातील रसायनेही कूर्चेचे धागे कुरतडतात.

यातील सर्वांत वाईट गोष्ट ही की, कूर्चेला मज्जातंतू नाहीत. ती झिजताना दुखत नाही. तिला रक्तवाहिन्याही नाहीत, म्हणून झिजलेली भरून येत नाही. ती जवळजवळ संपून खालच्या हाडापर्यंत गोष्ट पोहोचते तेव्हा दुखू लागते. माझ्या बाबतीत हे घडायला सोळा-सतरा वर्षे लागली.

आणि हे माझे एकट्याचे नशीब नव्हे. स्वीडनमध्ये लोहमांडर व सहकाऱ्यांनी ज्यांचा फुलीबंध बारा वर्षांपूर्वी तुटला होता अशा महिला फुटबॉलपटूंना शोधून काढले. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. या स्त्रियांचे सरासरी वय होते अवघे ३१. उत्तरे देणाऱ्या ८४ जणींपैकी ६३ जणींनी गुडघ्यामुळे जगण्यात अडचण येते असे सांगितले. क्ष-किरण चित्रे ६७ जणींची काढली. ५५ चित्रांत बदल दिसले आणि ३४ गुडघ्यांत ते संधिवाताच्या पातळीला पोहोचले होते. आजीच्या गुडघ्याचे दुखणे एकतिशीत! त्यांतील बऱ्याच जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. तिने लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही.

उकिडवे बसणे हा खेळ आहे काय?

खेळाडूला पहिली काळजी असते ती मैदानाची. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे आहेत: शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकी ८१ जण कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, ६५ जण पूर्वीच्या पातळीला पोहोचले आणि स्पर्धेत उतरू शकले ते ५५. पंचविशीच्या आतले जे खेळाकडे परततात, त्यांच्यापैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला पुन्हा तीच दुखापत होते, त्याच गुडघ्याला किंवा दुसऱ्या.

पण खेळाच्या पलीकडेही गुडघा लागतो. १९९८ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. दैनंदिन जीवनाच्या विभागात जिना, मोजे घालणे, खुर्चीतून उठणे असे प्रश्न आहेत. उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे हे मात्र "खेळ व मनोरंजन" या विभागात येतात, धावणे आणि उड्या मारणे यांच्या शेजारी. ते वाचून मला हसू आले आणि मग वाईट वाटले. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात सकाळपासून उकिडवी बसून भाजी विकणारी बाई मनोरंजन करत नसते. भंडारा-गोंदियाकडे चिखलात वाकून धानाची रोवणी करणारी माणसे, चुलीपुढे बसणारी आजी, पंगतीत मांडी घालून जेवणारा पाहुणा, देशी पद्धतीचे शौचालय वापरणारे आपण सारे, यांना गुडघा पूर्ण वाकवल्याखेरीज दिवस काढता येत नाही. गुडघा खोल वाकतो तेव्हा त्यातील भार आणखी वाढतो आणि झिजलेली जागा तेथेच बोलते. म्हणून आपल्याकडे या दुखापतीचे मोल मैदानापेक्षा घरात अधिक मोजावे लागते, असे माझे मत आहे.

आता एक प्रयोग करा. भिंतीजवळ उभे राहा, एक पाय उचला, डोळे मिटा आणि किती सेकंद तोल राहतो ते मोजा. मग दुसऱ्या पायावर. डोळे मिटल्यावरही पाय कोठे आहे हे मेंदूला कळते, कारण स्नायूंत, त्वचेत आणि अस्थिबंधांतही ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोके आहेत. फुलीबंध तुटला की दोरीबरोबर एक तारायंत्रही तुटते. बातमी येणे कमी झाले की मेंदू मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला पूर्ण जोराने कामच करू देत नाही आणि तो स्नायू वाळू लागतो. ते टेपने मोजता येते: गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर घ्या. थोडाफार फरक कोणातही असतो. दोन-अडीच सेंटिमीटरचा असेल तर तो बोलका समजावा.

सगळ्या प्रकरणात आशेची जागा हीच आहे. दोरी आपण वाढवू शकत नाही, स्नायू वाढवू शकतो. मांडीच्या मागचे स्नायू नडगीला मागे ओढतात, म्हणजे गेलेल्या फुलीबंधाचे काम थोडेफार करतात. स्वीडनमध्येच १२१ तरुणांवर एक महत्त्वाची चाचणी झाली. ६२ जणांची लवकर शस्त्रक्रिया केली. ५९ जणांना फक्त व्यवस्थित व्यायामोपचार दिले आणि गरज वाटली तर नंतर शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या तक्रारी सारख्याच. दुसऱ्या गटातील ३० जणांनी पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली, उरलेल्यांना तिच्यावाचून चालले. ज्याचा गुडघा वारंवार सटकतो किंवा ज्याला वळणे-पळणे असलेला खेळ खेळायचाच आहे, त्याला डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, आणि ते योग्यच आहे. पण व्यायाम दोघांनाही चुकत नाही.

शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच शरीरातील स्नायुरज्जूचा तुकडा घेऊन, हाडांत बोगदे पाडून, नवी दोरी बसवतात. ही दोरी पहिल्या दिवशी मजबूत असते, पण तिला रक्तपुरवठा नसतो. शरीर तिच्यात रक्तवाहिन्या घालून तिचे धागे नव्याने विणते आणि या विणकामाच्या महिन्यांत ती उलट कमजोर होते. नेमके तेव्हा दुखणे थांबलेले असते व खेळाडूला हुरूप आलेला असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की नऊ महिन्यांपर्यंत, खेळाकडे परतणे जेवढे महिने लांबवावे तेवढ्या दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते.

तुम्ही म्हणाल, स्मृती मानधनाचे काय? बरोबर. सांगलीत वाढलेल्या या खेळाडूचा फुलीबंध जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना दुखावला. शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये ती विश्वचषकात उतरली, इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. दुखापतीला तेव्हा जवळजवळ नऊ वर्षे झाली होती. फुलीबंध तुटला म्हणजे सारे संपले असे मुळीच नाही, हे यावरून दिसते. मात्र तिच्यामागे शल्यविशारद, व्यायामोपचारतज्ज्ञ आणि दररोजचे कित्येक तास होते, आणि पाच महिने हा अपवाद आहे. ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२ चा, गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये, पुनरागमन मार्च २०२४ मध्ये. त्याच्या इजा अधिक होत्या, तेव्हा वेळही अधिक लागला.

आमच्या मुलाला मी त्याच्या वडिलांसह मेडिकलच्या अस्थिरोग विभागात पाठवले. तेथे डॉक्टरांनी नडगी ओढून पाहिली, नंतर एम.आर.आय. झाले. पुढचा फुलीबंध पूर्ण तुटलेला, चकत्या शाबूत. आधी तीन महिने व्यायाम, मग पुढचे ठरवू, असे सांगितले गेले. चकत्या शाबूत हे ऐकून मला किती बरे वाटले ते त्या मुलाला कळले नसावे. माझी आतली चकती विसाव्या वर्षीच फाटली होती.

तो दर रविवारी टेप घेऊन माझ्याकडे येतो. वहीत दोन रकाने आहेत. पहिल्या रविवारी उजवी मांडी ४४.५, डावी ४२. गेल्या रविवारी उजवी ४४.५, डावी ४३.५. शनिवारच्या त्या सामन्यात तो गुणलेखक म्हणून बसला होता. अजूनही बसतो, आणि चढाईपटूचा पाय कोणत्या कोनात वळला यावर पंचांशी वाद घालतो.